अर्ध्या शिक्षिकेचा अर्ज

प्रिय ताई,

शाळेच्या पत्त्यावर लिहिलं असतं तर तू शिक्का मारून फाईलला लावलं असतंस, म्हणून घरी पाठवतेय.

सोमवारी मी तुझ्या, मुख्याध्यापिकेच्या, टेबलावर वेळापत्रक ठेवलं. मंगळवारी आणि गुरुवारी मी दुपारी येणार, पगार तेवढा कमी. त्या दोन सकाळी माझे तास घ्यायला रसायनाचे निवृत्त सर एका पायावर तयार. घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा बरं, असं ते स्वतःच म्हणाले. एकही तास बुडत नव्हता. तू चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "करारात अर्धा शिक्षक नावाची गोष्टच नाही."

मग करार बदला ना. तो काही आभाळातून पडलेला नाही. संस्थेच्या बैठकीत लिहिला गेला, आणि त्या बैठकीत तू होतीस. चित्रकलेच्या बाई बाळंतपणानंतर फक्त सकाळी यायला तयार होत्या. पूर्ण वेळ नाहीतर राजीनामा, असं तू त्यांना सांगितलंस. दोन वर्षं झाली, मुलं चित्रकलेच्या तासाला पाढे लिहितात. याला तू शिस्त म्हणतेस.

बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई याच दोन सकाळी येतात. पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबा ओळखीच्या आवाजालाच प्रतिसाद देतात, म्हणून घरचं कुणीतरी शेजारी बसायला हवं, असं त्या बाईंनी बजावलंय. बसतात कोण, तर दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या मावशी. तू दोन महिन्यांत का फिरकली नाहीस, ते मी विचारत नाही.

या गुरुवारी माझे दोन्ही वर्ग सहलीला गेले होते. एकही तास नव्हता. तरी पूर्णवेळ शिक्षिका म्हणून मी स्टाफरूममध्ये जुन्या नकाशांना लेबलं चिकटवत बसले. चीड तर इतकी आली होती की दोन नकाशांवर लेबलं उलटी लागली.

त्याच सकाळी बाबा बोलले. पाच महिन्यांनी पहिला शब्द. मावशींना वाटलं, पाणी मागताहेत. त्यांनी भांडं पुढे केलं, तर बाबांनी ते हाताने बाजूला सारलं आणि तोच शब्द पुन्हा म्हटला. मावशी बिचाऱ्या अजून कोड्यात आहेत. या घरात बाबा राणी तुलाच म्हणत, ते त्यांना कुठून ठाऊक असणार?

माझा अर्ज मी आता थेट संस्थेकडे देतेय. तिथे तू हवा तेवढा विरोध कर. पण येत्या मंगळवारी सकाळी तू बाबांशेजारी बस. मुख्याध्यापिकेला रजा नाकारणारं कुणी नाही.

तुझीच,
धाकटी