करड्या सीटवरची हळद

बुधवार, २३ एप्रिल

सीट पिवळी झाली आहे. गजेंद्रच्या गाडीची, ड्रायव्हरच्या बाजूची. फिकट करड्या कापडावर अख्खी पाठ उमटली आहे – खांदे, कणा, सगळं. पाठ अतुलची. माझा भाऊ, उद्याचा नवरदेव.

हळद लागल्यावर नवरदेवाने घराबाहेर पडायचं नसतं. हा जाम नदी ओलांडून थेट सावरगावला गेला, नवरीच्या, मोनालीच्या घरासमोरून चक्कर मारून आला. अंगावर तेलात कालवलेली ओली हळद.

"कशाला गेला होतास?"

"तिची हळद पाहाची होती."

"मग?"

"गच्चीवरून हात केला तिनं."

मला हसू आलं. दाखवलं नाही.

लग्नाच्या धावपळीसाठी गाडी मी मागितली होती. एरवी मी कुणाकडे काही मागत नाही. गजेंद्र आणि मी बोरगावच्या मिलमध्ये एकाच लॅबमध्ये आहोत. कापडाचा रंग पक्का की कच्चा, ते तपासतो. सोमवारी तो नव्या नोकरीसाठी इंदूरला जातोय. त्याआधी त्याला विचारायचं आहे, माझ्याशी लग्न करशील का. इथे लिहिलं, तेवढं पुरे. पण त्याची सीट अशी परत करून हे विचारता येणार नाही. आधी सीट.

गुरुवार, २४ एप्रिल

लग्न झालं. सीटवर दिवसभर टॉवेल. वरातीत नाचले. थोडं.

शुक्रवार, २५ एप्रिल

उठायला उशीर झाला. तेवढ्यात अंगणातून आईची हाक – "अवं वैशू, रगत निघून राहिलं वं हिच्यातून!"

सीट लालभडक. आईच्या हातात ब्रश.

"काय लावलंस?"

"साबण. कपड्याचा. अन् वरून थोडा सोडा."

हळदीला सोडा लागला की ती लाल होते. आईला हे माहीत नाही असंही नाही. स्वतःच म्हणाली, "आमची माय हळदीत चुना घालून कुंकू करे. तसंच झालं वाटते." मग सीटकडे पाहून, "गजेंद्रच्या गाडीले कुंकू लागलं म्हणजे." आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. मी हसले नाही. मला काम होतं.

लिंबाचा रस पाण्यात घालून हलक्या हाताने दाबत गेले. लाल पुन्हा पिवळं झालं. म्हणजे बुधवारी होतो तिथे परत. लिंबं मोनाली चिरून देत होती, हातात हिरवा चुडा.

"ताई, हे माझ्यामुळंच झालं."

"अतुलमुळे झालं. तू फक्त हात केलास."

लाजली. मला आवडली ती.

शनिवार, २६ एप्रिल

कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब. पांढरा सुती कपडा. टिपायचं, घासायचं नाही. पाणीही कमीच, नाहीतर आतला फोम कुबट वास मारतो. तेल निघालं. रंग तसाच.

आता ऊन. हळदीइतका उन्हाला घाबरणारा रंग दुसरा नाही. पांढुर्ण्यात एप्रिलमध्ये आणखी काही नसलं तरी ऊन आहे. दारं सताड उघडली, सीट मागे पाडली. सावली सरकेल तशी गाडी सरकवायची. ढकलायला अतुल.

शेजारचे रामाजी काका कुंपणावरून म्हणाले, "काय रे नवरदेवा, गाडी वाळू घातली का पापडासारखी?"

"काका, लगन केल्याची शिक्षा भोगून राहिलो."

"ही तर सुरुवात आहे बाबू."

संध्याकाळी गजेंद्रचा फोन. "गाडी मोकळी झाली का?" मी म्हटलं, उद्या आणते. तो म्हणाला, घाई नाही. मला आहे, हे म्हटलं नाही.

डाग निम्म्याने उतरला! आनंदाने लिंबू सरबत केलं, सगळ्यांना.

रविवार, २७ एप्रिल, दुपार

सीट करडी आहे. सावलीत पाहिली, उन्हात पाहिली, मोबाइलचा टॉर्च लावून पाहिली. फक्त शिवणीत जरासा पिवळा दोरा राहिलाय. तो माझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

आई म्हणाली, "एवढी तर नव्या नवरीचीही तयारी नाही करत कोणी." निळा ड्रेस घालून निघते आहे. इस्त्री केली. विचारायचं वाक्य पाठ आहे. छोटं आहे.

रविवार, संध्याकाळ

विचारलं. त्याने सीटकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "मी तर बुधवारीच विचारलं, गाडी द्याले आलो तेव्हा. काकूले. त्या म्हणाल्या, माह्या पोरीले घाई नको करू, तिचं तिले बोलू दे. तेव्हापासून वाट पाहून राहिलो."

आता घरी सांगायचं आहे. आई सोडून सगळ्यांना.