मतपत्रिकेवरची सही

शनिवार, २२ मार्च

खासदारसाहेबांना गाठलंच! महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये गाऱ्हाणी ऐकायला बसतात. तासभर रांगेत उभी. म्हटलं, सप्टेंबरपासून सत्तावन्न नंबरची बस बंद करताय, मग केल्सथॉर्पला आईला भरवायला मी रोज जाऊ कशी? वृद्धाश्रमातल्या पोरींनी भरवलं की ती थुंकते. माझ्याच हातून खाते.

"टक्सफर्डबाई, मी लंडनला पार्लमेंटात बसतो. बस काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, हातात."

एवढा मोठा माणूस आणि एका बसपुढे हात टेकले! मग तसं दारावर लिहून लावा ना. माझा तास वाचला असता.

सोमवार, ३१ मार्च

ग्वेन कौन्सिलला उभी राहतेय! शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी कामाला; बटाटे सोलता सोलता सांगितलं. पक्षबिक्ष नाही — अपक्ष. बस वाचवायची म्हणते. समोर हॉलिस. सोळा वर्षं तोच निवडून येतो. बसमध्ये एकदा चढला असेल तर शपथ.

"मला मत देशील ना?"

"मी आजवर कुणालाच दिलेलं नाही."

"चोपन्न वर्षांची घोडी झालीस आणि अजून—!"

खरंय. शाळा लवकर सुटली. छापील कागद आला की मी तो दुसऱ्याच्या हातात देते. पण आईसाठी देईन.

मंगळवार, १५ एप्रिल

ग्वेनच्या प्रचाराला चाळीस दारं, तीन कुत्री. एक जण म्हणाला, सगळे चोर. मी म्हटलं, ग्वेनने सात वर्षं तुमच्या पोरीला जेवण वाढलं, तेव्हा ताटातलं काय चोरलं? पत्रक घेतलं त्याने.

गुरुवार, १ मे

दिलं मत! पबच्या मागच्या खोलीत. फोटोचं ओळखपत्र दाखवलं, कागद मिळाला. फळीच्या आडोशाला दोरीला बांधलेली पेन्सिल. ग्वेनच्या नावापुढे फुली मारली — ठसठशीत. मग खाली सही. पूर्ण नाव, लॉरेन टक्सफर्ड. कौन्सिलच्या घराचा अर्ज सही नाही म्हणून दोनदा परत आला होता माझा. पुन्हा ती भानगड नको. घरी येईपर्यंत एकटीच हसत होते.

शुक्रवार, २ मे

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

मोजणीवर लक्ष ठेवायला ग्वेनने मला सोबत नेलं. शंकेचे कागद बाजूला काढले होते. निवडणूक अधिकारी एकेक उचलून दोन्ही बाजूंना दाखवत होता. एकावर चित्र. एकावर शिवी. तिसरा — माझा!

"यावरून मतदार ओळखू येतो. बाद."

"अहो, माझंच आहे ते! फुली दिसत नाही का? मी इथे उभी आहे, मला विचारा!"

"बाई, मत गुप्त असतं. कुणाचं ते कळलं की मोजत नाहीत. कायदाच आहे तसा."

सगळे हसले. हॉलिस तर पोट धरून.

मग आकडे. ग्वेन ६११. हॉलिस ६११. पुन्हा मोजले. तेच! बरोबरी झाली की चिठ्ठी काढतात म्हणे. दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या दोन पाकिटांत घालून बिस्किटांच्या डब्यात टाकल्या, अधिकाऱ्याने तोंड फिरवून हात घातला.

हॉलिस.

परतताना बसमध्ये म्हटलं, ग्वेन, चार शिव्या तरी घाल मला.

"सोळा वर्षं शेकड्यांनी जिंकणारा बोका आज बिस्किटांच्या डब्यातून निघालाय, बये. टरकलाय तो. नाक पूस."

शनिवार, ३ मे

आईला सगळं सांगितलं. इतकी हसली की कवळी निघाली. वाटीभर लापशी संपवली.

बुधवार, ११ जून

पोस्टात, दवाखान्यात, जाईन तिथे — "काय सहीवाल्या बाई!" हसतात आणि मग हळूच सांगतात, आम्ही त्या दिवशी मत द्यायला गेलोच नव्हतो. गेलो असतो तर... आजवर नऊ जणांनी सांगितलं. नऊ! माझं एक बाद झालं, तुमची तर घरीच बसली होती, म्हटलं. पुढच्या वेळी नक्की जाऊ म्हणतात. बघू.

शुक्रवार, ११ जुलै

हॉलिसने राजीनामा दिला! स्कॉटलंडला मुलीकडे राहायला चाललाय. ऑगस्टच्या शेवटी पोटनिवडणूक. म्हणजे बस बंद व्हायच्या आधी! धावत ग्वेनकडे गेले — परत उभी राहा.

"माझे गुडघे गेले दारं फिरून. आणि माझं नाव कुणाच्या लक्षात आहे? तुझं अख्ख्या गावाला पाठ झालंय."

"वेड लागलंय का? मला सरकारी कागद धड वाचता येत नाहीत."

"वाचायला मी आहे. तू भांड. ते तुला न वाचताही येतं."

चहा तसाच टाकून आले. डोकं फिरवलंय बाईने.

सोमवार, २८ जुलै

सत्तावन्ननेच कौन्सिलच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईने उमेदवारीचा कागद पुढे सरकवला, "इथे सही." सावकाश केली. पूर्ण नाव, लॉरेन टक्सफर्ड. कुणी बाद म्हणालं नाही. आता मतपत्रिकेवर तेच नाव छापणार.