बटण ओळखलं, त्यानंतर

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकवेल तेवढाच.) तुझे गुडघे कसे आहेत, हे वहिनींनी मुद्दाम विचारायला सांगितलंय. दादाची तब्येत आहे तशीच: उजव्या हाताचं एक बोट हलतं, डोळ्यांना सगळं दिसतं, वाचा नाही, आणि खाणंपिणं नाकातल्या नळीतून. डॉक्टर याला ‘स्थिर’ म्हणतात. टेबलही स्थिरच असतं, पण ते जाऊ दे.

कळवायचं आहे ते बटणाबद्दल. इस्पितळात वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दादासाठी बशीएवढं लाल बटण दिलं. ते यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडायचं. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळतात, हवं ते आलं की दादाने दाबायचं. सोबतची वायर इतकी आखूड, की एक तर दादाने टेबलावर निजावं, नाहीतर संगणकाने खाटेवर. म्हणून मी बाजारातून चांगली ऐसपैस वायर आणली. जोडली. बटणातला दिवा लागला, वहिनींनी हात जोडले, आणि संगणक ढिम्म! मी वायर काढली, घातली, उलटी करून पाहिली, संगणक बंद करून चालू केला, त्याला चार शब्द सुनावले. दादा खाटेवरून बघत होता. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस तो. दुसऱ्याची चूक त्याला भिंतीपलीकडूनही दिसते.

शेवटी कंपनीला फोन लावला. तिथल्या बाई फार शांत. म्हणाल्या, नवी वस्तू जोडली की संगणकाला तारेवर तिची चाहूल लागते. मग तो तिला एकदा कोरी करून उभी करतो आणि चौकशीला बसतो: तू कोण, तुला बनवलं कुणी, काम काय करतेस, वीज किती खाशील? (आमच्या लग्नात मुलीकडच्यांनी माझी एवढी चौकशी केली असती, तर बायकोचं कल्याण झालं असतं.) मधेच तिला एक क्रमांक देतो, आणि उत्तरं पटली की तिची भाषा जाणणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम शोधून तिला कामाला लावतो. पण माझ्या ऐसपैस वायरीत फक्त वीज नेणाऱ्या तारा होत्या, बोलणं नेणाऱ्या नव्हत्याच. ती नुसती चार्जिंगची. म्हणजे बटणाच्या पोटाला मिळत होतं, बोलायची सोय तेवढी नव्हती. हे मी फोनवर मोठ्याने म्हणून बसलो, आणि मग खाटेकडे बघवेना.

वहिनींनी आणि मी मिळून खाटच टेबलाकडे ढकलली (कंबर त्यातलीच) आणि आखूड वायर लावली. टिंग! संगणकाने बटणाला कीबोर्ड म्हणून ओळखलं. पडद्यावरच्या तयार वाक्यांत ‘पाणि हवे’ असं होतं. दादाने घामाघूम होऊन पहिले शब्द लिहिले: ‘णी दीर्घ’. वहिनी हसत हसत रडल्या. मी नुसताच रडलो.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, ‘नळी काढा’. वहिनी म्हणाल्या, नळ चालू राहिला असेल, आणि मोरीत जाऊन बघून आल्या. मी म्हणालो, नाडी बघा म्हणत असेल. ताई, आम्ही दोघं त्या दोन शब्दांत एखादी चूक सापडावी म्हणून धडपडत होतो, आणि तीही दादाच्या लिहिण्यात! शेवटी मीच विचारलं, ‘दादा, चुकून दाबलं गेलं का रे?’ त्याने पुन्हा तेच लिहिलं. या वेळी पुढे पूर्णविराम दिला.

डॉक्टर म्हणाले, तो पूर्ण शुद्धीवर आहे, त्याचं ऐकून घ्यावं लागेल. घरच्यांनी एकत्र बसा.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. घरच्यांत मोठी तूच. वहिनींना हो म्हणवत नाही, मला नाही म्हणवत नाही. मिळेल त्या गाडीने ये.

आणखी एक ता. क. आज सकाळी त्याने लिहिलं, ‘ताईला सांगू नको, रडेल.’ तेव्हा तुला हे पत्र मिळालेलंच नाही. सहज आले म्हण, आणि रडायचं ते दाराबाहेर उरकून मग आत ये.