एकोडीच्या बांध्यांत वाइनची द्राक्षं

३ नोव्हें.
रोशन आला. भाऊ गेल्यापासून एकोडीची शेती हा भाचाच बघतो. निम्मी माझ्या नावावर. धान बंद करून वाइनची द्राक्षं लावायची म्हणतो. दोन वर्षं नाशिकच्या बागेत राबलाय. "आत्या, तुयी सही पायजे फक्त. नाही तर मी चाललो वापस नाशिकले." 'बघू' म्हटलं. वाइनची! आणि मी?

४ नोव्हें.
त्याने ठेवलेले कागद वाचले. २००१ पासून सरकार वाइनवाल्यांना सवलती देतंय. आणि सरकारच्याच नियमाने आम्ही बायकांनी मतदानात आडव्या बाटलीवर शिक्के मारून एकोडीतलं दारूदुकान बंद पाडलं. शाळेतली बाई म्हणून मीच पुढे. मग मधेच किराण्याच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकायचं निघालं, गदारोळ झाला... सरकारला नक्की हवंय काय? मला तरी?

७ नोव्हें.
लहानपणची कॉन्व्हेंट शाळा आठवत राहिली. चॅपलमध्ये मागच्या बाकावर आम्ही चार बिगरख्रिश्चन मुली. फादरांचा वाइनचा चषक, तो पुसणाऱ्या सिस्टरांचा पांढरा रुमाल, त्यावर जांभळट डाग. किती हळुवार घडी घालायच्या. त्याला दारू म्हणावंसं कधी वाटलं नाही. रोशनला फोनवर सांगितलं तर हसला. "मंग तं तुले सवयच हाय, आत्या!"

११ नोव्हें.
एकोडी. द्राक्षाला साचलेलं पाणी चालत नाही, बांध्यांत पाणी अडवणारे सगळे धुरे फोडायचे. बाबांनी घातलेले. म्हणजे पुन्हा धान नाहीच.
सत्यफुलाकडे गेले. नवरा दारूने गेला तिचा. मतदानाआधी घरोघर तीच फिरली माझ्याबरोबर. ती नको म्हणेल, मी सुटेन, असं वाटलेलं.
"लावा न बाई. रोवणी-कापणी झाली का आमी बसूनच राह्यतो. द्राक्षाले वर्षभर बाया लागतात म्हन्ते रोशन."
"अगं, पण दारूच ना ती?"
"हो. पन पिनारे आपल्या गावचे नाहीत न."
पिणाऱ्यांच्या गावातही कुणी सत्यफुला असेलच की.

१४ नोव्हें.
रोशन सकाळीच फॉर्म घेऊन. "काहून एवढा विचार करून राहिली, आत्या?"
मी एवढंच विचारलं, "बायांना कधीपासून बोलावशील?" त्याला वाटलं, हो म्हटलं. सत्यफुलाला फोन लावत अंगणात गेला. म्हटलं का मी हो? सहीसाठी दिलेल्या पेनानेच हे लिहितेय. फॉर्म कोरा. बाहेरून आवाज येतोय, "हो मावशी, पक्कं समजा..."
उठते. थांबवायलाच, बहुतेक.