जाऊबाईंना नातवाच्या पदरी घालण्याबाबत

मी, खाली अंगठा करणारी बाई, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर (जन्माची नोंद करायला घरात कुणाला फुरसत नव्हती), धंदा शिवणकारखान्यात काजं-बटणं करणे, आज पूर्ण शुद्धीवर राहून हे सांगत आहे. कुणी धाक घातलेला नाही. कुणी लाडीगोडीही लावलेली नाही. या वयात लावली असती तर मी नाही म्हटलं नसतं. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि तळमजल्यावरचे निवृत्त कारकूनसाहेब लिहितात. बोलेन ते सगळं उतरवायचं, असं त्यांना बजावलं आहे. "आजी, सगळंच मृत्युपत्रात बसत नाही," ते म्हणाले. "दाटीवाटीनं बसवा," मी म्हटलं.

कलम १. लढाई अजून लागलेली नाही. हे आधी लिहा, नाहीतर पुढे कुणी म्हणेल, म्हातारीचं सगळं लढाईत गेलं. लागणार, लागणार, एवढ्यावरच आमचं गेलं. नदीपलीकडून सूत यायचं ते बंद झालं, निम्म्या बायका घरी बसल्या. बँकेनं आठवड्याला काय काढायचं ते ठरवून दिलं. त्यात पूर्वी तेलाचा डबा यायचा, आता बाटली येते. माझ्या खात्यात जे उरेल ते नातवाचं. त्यानं ते लगेच काढून पीठ घ्यावं. वाट पाहत बसला तर काडेपेटीवर भागवावं लागेल.

कलम २. कारखान्यात आता शर्ट नाहीत, फ्रॉक नाहीत, नुसते सैनिकांचे गणवेश. मास्तर कापतात, बायका शिवतात, काजं माझ्याकडे. आकडा मला वाचता येत नाही, पण बावन्न वर्षं कॉलरी हाताळल्यात. गळा केवढा ते बोटांना कळतं. पहिल्या गठ्ठ्यात बाप्यांचे गळे होते. या महिन्याच्या गठ्ठ्यात पोरांचे आहेत.

"मास्तर, कापताना चुकलात का?"

"मापं वरूनच आलीत, आजी," मास्तर म्हणाले, आणि पुढचा गठ्ठा कापायला घेतला.

माझा माप घ्यायचा टेप रेडिओवर रोज गर्जणाऱ्या मंत्रिसाहेबांना पोचता करावा. त्यांनी आपल्या घरातला सगळ्यात बारीक गळा मोजावा आणि मग काय बोलायचं ते बोलावं. टेप परत नको.

कलम ३. माझा नातू, वय तेवीस, लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे त्याचं नशीब आणि माझे गुडघे. आईबाप तो शाळेत असतानाच गेले. त्याला मी ढब्बू म्हणते. चारचौघांत म्हणू नको असं तो सांगतो, म्हणून इथे सरकारी कागदावर घातलं.

सक्तीच्या भरतीत त्याचं नाव नाही, ते माझ्यामुळे. नियम असा की घरात एकटाच कमावता असेल (साठीपुढच्यांची कमाई ते धरत नाहीत) आणि त्याच्या जिवावर एखादं म्हातारं माणूस असेल, तर त्याला सूट. ते म्हातारं माणूस मी. मी गेले की सूट गेली. समोरच्या बेकरीवाल्याची आई गेली, तिची गादी उन्हात टाकायच्या आत हुकूम दारात आला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसात पाणी भरतंय, दोन महिने धरून चाला.

"बाई, मी जाईन तेव्हा दाखल्यावर तारीख जरा पुढची घाला. कागदावरच तर आहे."

"आजी, हे मी ऐकलं नाही."

"मग मोठ्यानं सांगू का?"

त्यांचे डोळे भरून आले, पण मान काही होकारार्थी हलली नाही. माझा राग नाही. त्यांनाही घरदार आहे.

कलम ४. कारकूनसाहेब भरतीच्या कचेरीत तीन खेटे घालून विचारून आले. माझ्या जागी दुसरं म्हातारं नातलग चालतं. मात्र माझ्या हयातीतच त्यानं या घरात सलग नव्वद दिवस राहिलेलं असलं पाहिजे. माझ्याकडे आहेत साठ.

नातलग म्हणाल तर जगात एकच उरली आहे, माझी धाकटी जाऊ. तिच्याशी एकतीस वर्षं बोलणं नाही. वाटणीच्या वेळी दोघा भावांनी शिलाई मशीनसुद्धा वाटून घेतलं. वरचं डोकं तिच्याकडे गेलं, पायाचा स्टँड माझ्याकडे आला. आधी डोकं दे, आधी स्टँड दे, यात दोन्ही गंजलं, भाऊही गेले, आणि आम्ही दोघी जन्मभर परक्याच्या मशीनवर राबलो. चूक कुणाची हे ठरवायला आज वेळ नाही. वेळ असता तरी तिचीच निघाली असती. तरी स्टँड तिला देत आहे.

परवा कारकूनसाहेबांच्या खांद्याचा आधार घेत तिच्या दाराशी गेले.

"कोण गेलं?" तिनं दार अर्धंच उघडून विचारलं.

"अजून कुणी नाही. म्हणूनच आले."

उंबऱ्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला मी नको, माझं म्हातारपण हवंय."

"हो."

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललात, जाऊबाई," ती म्हणाली, आणि दार पूर्ण उघडलं.

कलम ५. राहत्या दीड खोलीचा भाडेहक्क नातवाला, आणि जाऊबाईंना मरेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क. त्यांची खाट आतल्या भिंतीला लावावी. खिडकीच्या काचांना आम्ही पट्ट्या चिकटवल्यात, पण हादरा बसला तर त्या काच धरतील याची खात्री नाही. त्यांना दमा आहे, जिने चढू देऊ नयेत. पिठाच्या रांगेत उभं करू नये. पहिली पोळी त्यांना वाढावी. इतकी वर्षं त्यांचं वाईट व्हावं म्हणत आले; ते सगळं मागे घेते.

कलम ६. मी नव्वद दिवसांच्या आत गेले तर काय, हे कलम कारकूनसाहेबांनी विचारलं. ते माझ्याकडे नाही. खूप शोधलं. पहाटे उठून भिंतीला धरून चालते. घास उतरत नाही, तरी पाण्याबरोबर ढकलते. देवाकडे काही मागायची सवय नव्हती, तीही लावून घेतली. लढाई टळू दे असं मागत नाही, तेवढं माझं वजन नाही. तीस दिवस मागते.

नातवाला यातलं काही कळू देऊ नये. कळलं तर आजीवर ओझं नको म्हणून आपणहून जाऊन नाव देऊन येईल. तेवढा मूर्ख आहे तो, बापावर गेलाय. तो विचारील, तर जाऊबाई हवापालटाला आल्यात असं सांगावं. आमच्या गल्लीत कुणी हवापालटाला येत नाही, हे त्याच्या लक्षात येऊ नये.

हे सगळं मला पुन्हा वाचून दाखवलं, मी ऐकलं, कबूल आहे.

मृत्युपत्र करणारीचा डाव्या हाताचा अंगठा

संमती: मी, वर लिहिलेली धाकटी जाऊ, वय पंचाहत्तर, आज दुपारी ट्रंक घेऊन या घरात राहायला आले. वाटणीत माझी चूक होती हे मला मान्य नाही. बाकी सगळं मान्य. थोरल्या जाऊबाईंना मी नव्वद दिवसांच्या आत मरू देणार नाही. त्यांच्या उशाशी बसून श्वास मोजीन, अडखळला तर भांडण काढीन. भांडण अर्धं टाकून त्या कधी उठल्या नाहीत.

धाकट्या जाऊबाईंचा डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई, सही. २. शिवणकारखान्याचे मास्तर, सही.
लिहिणार: तळमजल्यावरचा कारकून, सही.
ठिकाण: दुसरा मजला, स्वयंपाकाची अर्धी खोली.
दिनांक ४ मार्च. जाऊबाईंच्या मुक्कामाचा दिवस पहिला.