दादाच्या जागेवरची टोपी

बुधवार, १५ ऑक्टोबर. सकाळी अंगणातली पानं गोळा केली. वाऱ्याने ती शेजाऱ्यांकडे नेली, नंतर परत आणून दिली. दुपारी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. जेवायला कालचंच, ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल.

प्रिय अर्लीन वहिनींस,

एल्डनचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? टूसॉनचं ऊन मानवलं असेल, आणि लेक तुम्हाला स्वयंपाकघरात शिरू देत असेल अशी आशा करतो. इकडे ओहायोत थंडी पडू लागली आहे. तुमच्या घराच्या पन्हाळी मी साफ केल्या. माझी प्रकृती ठीक आहे (गुडघा सोडून, पण त्याची चौकशी कोणी करत नाही).

वहिनी, मी कोरस सोडायचं ठरवलं आहे. सव्वीस वर्षं दर मंगळवारची संध्याकाळ चर्चच्या तळघरात उभं राहून गाण्यात काढली, पुष्कळ झालं. तुम्हाला कारण सांगायला हवं, कारण ते दादाशी निगडित आहे.

आमच्यातला माणूस गेला की गायला उभं राहायच्या पायऱ्यांवरची त्याची जागा वर्षभर रिकामी ठेवायची, ही कोरसची रीत तुम्हाला ठाऊक आहे. रीत चांगलीच आहे, पण ती पाळणार हे अठरा जण. फेब्रुवारीत दादा गेला तेव्हा त्यांनी त्याच्या जागेवर, दुसऱ्या पायरीवर माझ्या उजव्या हाताला, त्याची गवती टोपी ठेवली. ऑगस्टच्या जत्रेत आम्हाला शेळ्यांच्या मांडवाशेजारी उभं केलं होतं. वाऱ्याने टोपी घरंगळत गेली आणि एका शेळीने तिची कड खायला घेतली. कोणी हललं नाही, कारण शेवटचा स्वर चालू होता आणि मास्तरांचा हात वर होता. (उंच ते खर्ज असे चारही आवाज जुळून आले की मास्तर तो स्वर सोडू देत नाहीत. त्या दिवशी नेमके जुळले.) उरलेली टोपी आता पूर्वीपेक्षा जास्त अदबीने ठेवतात. मी तळघरात शिरलो की सगळे गप्प होतात, आणि गप्पही चार आवाजांत होतात: उंच आवाजवाले आधी, बाकीचे मागून.

हेही मी सोसलं असतं. पण मार्चपासून मास्तरांना प्रत्येक गाण्यात एक फट ऐकू येते. मास्तर म्हणजे रॉय होस्टेटलर, चाळीस वर्षं शाळेच्या मुलांचा बँड ऐकूनही कान शाबूत असलेला माणूस. त्यांनी आधी हीटरचा पंखा बंद करवला, आम्ही कुडकुडत गायलो. मग मधल्या आवाजाच्या बॅरिटोनांना धारेवर धरलं (आमच्याकडे काहीही बिघडलं की बॅरिटोनांनाच धरतात). फट गेली नाही. एक नोव्हेंबरला डेटनला स्पर्धा आहे आणि मास्तर म्हणतात, ही फट घेऊन मी मंचावर चढणार नाही.

फट कुठली ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नसतो. एकाने घेतला की दुसऱ्याने स्वर चालू ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की या लोकांना श्वास लागतच नाही. दादा ओळीच्या शेवटी घ्यायचा, मी दोन शब्द आधी. खर्जात आम्ही तिघंच होतो, आणि तिसरे ऑर्व्हिल अठ्ठ्याऐंशीचे, त्यांना जिथे मिळेल तिथे ते श्वास घेतात. म्हणजे माझा श्वास आला की उजवीकडे फक्त टोपी. मी कोणाला बोललो नाही. काय बोलणार?

आता डुआन पिकेट. घरं गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करतो. एप्रिलमध्ये आला, आवाज तळघराच्याही खालचा. पण खर्जात रिकामी जागा एकच, आणि तिथे टोपी. म्हणून त्याला पार टोकाला उंच आवाजवाल्यांत उभं केलंय, आणि तो अर्ध्या गाण्यात त्यांचीच चाल धरतो. टोपी उचलायची तर भावाने सांगायला हवं, असं मास्तरांचं म्हणणं. ते त्यांनी सतरा जणांना सांगितलं, मला नाही.

शेवटी काल तालमीनंतर डुआन स्वतःच बशीतला ॲपल पाय खात माझ्याजवळ आला. (सफरचंद-दालचिनीचं सारण भरून भाजलेला, ऑर्व्हिलच्या बायकोचा. खालून कच्चा होता.)

"एल्डन, तू श्वास कुठे घेतोस?"

"नाकात," मी म्हणालो.

"ते दिसतं मला. गाण्यात कुठे घेतोस?"

सव्वीस वर्षांत दादा सोडून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्याने कच्चा तळ बशीच्या कडेला सारला.

"तुझ्या भावाची जागा नकोय रे मला," तो म्हणाला. "तू दम घेशील तेवढ्यापुरतं कोणी शेजारी असावं, एवढंच."

मी म्हटलं, बघतो, आणि कोट घेऊन निघालो. अशा माणसांत मला राहायचं नाही. नातवंडांना आशीर्वाद सांगा. कंबर जपा.

तुमचा,
एल्डन

ता. क. दादाचं कोरसचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं जाकीट तुम्ही बरोबर नेलं आहे. ते कापड आता मिळत नाही, आणि डुआनचे खांदे दादाएवढेच आहेत. तुम्हाला चालणार असेल तरच, पण शक्यतो पंचवीस तारखेच्या आत पाठवाल का? चालणार नसेल तर तसं कळवा, मी डुआनला समजावेन. टोपी मी मास्तरांकडून मागून घेईन.

ता. क. २. आतल्या खिशात गाण्यांच्या शब्दांचा कागद असेल. त्यावर दादाने पेन्सिलीने ओळींच्या शेवटी टिंबं दिली आहेत. खुणा खोडू नका. त्या डुआनला लागतील.

ता. क. ३. आत्ता भांडी घासताना स्पर्धेतलं दुसरं गाणं म्हणून पाहिलं. माझ्या जागी श्वास घेतला. नळ चालू होता, म्हणून फट ऐकू आली नाही. मग नळ बंद केला, फडकं पिळलं आणि वाळत घातलं.