वरचा खांब, खालचा खांब

रविवार, १२ मे

प्रिय बूच,

खूप खूप आशीर्वाद. लेकीच्या बापाला बूच म्हटलेलं तुझ्या बायकोला आवडत नसेल. तिला सांग, नाव बाबांनी ठेवलंय, तक्रार तिकडेच करायची. फोनवर तू "बाकी काय?" म्हणतोस, मी "बाकी मजेत" म्हणते आणि दोघंही सुटतो. म्हणून हे पत्र.

तर बाकी मजेत. स्वयंपाकघरातला नळ बदलला. मागच्या खोलीला, म्हणजे तुझ्या खोलीला, रंग दिला. जरा भडकच झालाय, पण आता झालाय तर झालाय. लेकीचे दुधाचे दात पडायला लागले का? तिला आत्याचा पापा दे. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा बाबा जास्त कुरकुरतात.

नदीवर ही गर्दी आहे. झऱ्यातून येणारं नदीचं पाणी भर उन्हाळ्यातही तसंच गार, पाय घातला की माणसं अजून तशीच किंचाळतात. धक्क्यावर आता ट्यूब भाड्याने देणाऱ्यांची रांगच लागलीय. रंगीबेरंगी ट्यूब, पेला ठेवायला खोबण असलेल्या. आपली ट्रकच्या चाकाची काळी ट्यूब आठवते का रे? उन्हात तापली की मांड्या भाजायच्या. बाबा तुला वरच्या खांबापाशी तिच्यात बसवून सोडायचे आणि मी खालच्या खांबापाशी रुमाल घेऊन उभी. तू समोरून गेलास की मी रुमाल हलवायचा, बाबांनी घड्याळ थांबवायचं. एवढं अंतर जायला किती वेळ लागला त्यावरून नदीला पाणी किती, ते ठरायचं. पाटबंधारे खात्याने बाबांना त्यासाठी लाकडी ठोकळे दिले होते. ते माळ्यावर धूळ खात पडले, कारण बाबा म्हणायचे, आमचा बूच आहे की तरंगायला. तू मध्येच हातांनी वल्हवायचास आणि कागदावर नदीला पूर यायचा. बाबा ओरडायचे, पण मिशीतल्या मिशीत हसत.

त्या दुपारींची मला फार आठवण येते. कधीकधी काम सोडून खालच्या खांबाला टेकून नुसती उभी राहते. हसू नकोस.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहून टाकते. मला नदी बंद करावी लागणार आहे. ट्यूब, होड्या, पोहणं, सगळंच. खात्यात बाबांच्या जागेवर आल्यापासून ही वेळ पहिल्यांदाच आलीय. तुला कोणत्या तोंडाने सांगू, कळत नव्हतं. बाबांनी नदी बंद केली त्या उन्हाळ्यात धक्क्यावरचं तुझं दुकान नुकतंच उघडलं होतं. तू गेलास तो गेलासच. तेव्हापासून या घरात तुझं नावही मी जपून घेते.

परवा ट्यूबवाल्या बाई तणतणत दारात आल्या. पुलाजवळच्या पाणी मोजायच्या पट्टीवर पाणी तर नेहमीएवढंच दिसतंय, मग बंद कशासाठी, म्हणाल्या. बूच, अगदी तुझेच शब्द. तूही पट्टी वाचून आला होतास आणि उंबऱ्यात उभा राहून बाबांना खोटारडे म्हणाला होतास.

त्यांना घेऊन मी नदीवर गेले. बाबा काठी टेकत मागे आले, कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी खिशातून खायला आणलेलं संत्रं काढलं आणि वरच्या खांबापाशी पाण्यात सोडलं. आम्ही तिघं काठाकाठाने चालू लागलो. बाबांचे गुडघे कसे आहेत ते वर लिहिलंच आहे. तरी खालच्या खांबाशी आम्ही संत्र्याच्या आधी पोहोचलो.

झऱ्याचा जोर कमी झाला की पाणगवत माजतं आणि पाणी अडवून धरतं. पट्टीवर पातळी तेवढीच दिसते, पण पाणी पुढे सरकत नाही. मग लोकांनी तळ ढवळला की गाळ वाहून न जाता तिथेच घुटमळतो, आणि खालचं गाव तेच पाणी पितं. बाईंनी कपाळाला हात लावला, पण समजल्या.

परतताना बाबा बाकावर टेकले. मग म्हणाले, "त्याला पट्टी वाचायला मीच शिकवलं. गवताचं सांगायचं राहून गेलं."

त्या दिवशी तरी का सांगितलं नाहीत, मी विचारलं.

"खोटारडा म्हणाला ना. मग नाही सांगितलं."

तुझा हट्ट कुठून आलाय, ते कळलं? आणि मी इतकी वर्षं समजत होते की तुला हे माहीत आहे आणि तरीही तू येत नाहीस. मनातून तुझ्यावर फार रागावले होते रे. उगाचच.

मागच्या खोलीचा रंग बाबांनी निवडलाय, म्हणून भडक आहे. माळ्यावरून ती काळी ट्यूब त्यांनीच काढायला लावली. पंक्चर काढून आणलं, हवा भरून ओसरीत ठेवलीय, येताजाता मी तिला अडखळते. कोणासाठी, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

बंदचा फलक पुढच्या रविवारी लागेल. त्याआधी शनिवारी दुपारी मी शेवटचं मोजमाप घेणार आहे. अजून तरंगण्याइतकं पाणी आहे. तुझं पोट सुटलंय असं ऐकते, तू मावत नसलास तर लेकीला बसव. फक्त तिला सांगून ठेव, मध्ये वल्हवायचं नाही.

बाबा घड्याळ घेऊन वरच्या खांबापाशी असतील. मी खालच्या खांबापाशी, रुमाल घेऊन. संत्रं आणायचं की नाही, तेवढं कळव.

तुझी,
ताई